एच शोधत बसू नकोस, जोडी कुणाकडे आहे ते बघ

पत्र असं आहे:

ताई, मी बारावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम. तेव्हा आम्ल म्हणजे एच प्लस देणारं, आम्लारी म्हणजे ओएच मायनस देणारं, लिटमस लाल-निळा, एवढं पक्कं होतं आणि मार्कही छान पडायचे. आता आयॉनिक इक्विलिब्रियाच्या धड्यात लुईस ॲसिड आलं आणि सगळं गेलं. बीएफथ्रीमध्ये, म्हणजे बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये, हायड्रोजनच नाही, मग ते ॲसिड कसं? क्लासमध्ये लिस्ट दिली, पाठ करा म्हणाले, मी केली, तरी टेस्टमध्ये पाचपैकी चार चुकले. बोरिक ॲसिडमध्ये तीन ओएच म्हणून ट्रायबेसिक (तीन एच प्लस देणारं) लिहिलं, चूक. एनएचफोर प्लसला प्लस आहे म्हणून लुईस ॲसिड लिहिलं, चूक. सीओटूचं ऑक्टेट (बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण आहे म्हणून ॲसिड नाही लिहिलं, तेही चूक. बीएफथ्री, बीसीएलथ्री, बीबीआरथ्रीचा ॲसिड म्हणून जोराचा क्रम उलटा आला. मग दहावीत शिकवलेलं खोटं होतं का? माझ्याच्याने केमिस्ट्री होणार नाही असं वाटायला लागलंय. हा भाग ऑप्शनला टाकू का?
— गोंधळलेली, बारावी सायन्स

अगं, आधी ते ऑप्शनला टाकायचं डोक्यातून काढ. हा एक धडा असता तर गोष्ट वेगळी, पण हाच विचार पुढे कोऑर्डिनेशन कंपाउंड्सला येतो, ऑरगॅनिकमध्ये तर पानोपानी येतो, न्यूक्लिओफाइल इलेक्ट्रोफाइल म्हणून जे शिकशील ते दुसरं काही नाही, हेच आहे. इथे सोडलंस तर तिथे परत पाठांतर, आणि मग पाठांतराला अंत नाही.

आणि दुसरं सांगते, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, चार उत्तरं चुकली हे खरंय, पण त्यातल्या तीन ठिकाणी तू "म्हणून" लिहिलंयस. तीन ओएच म्हणून ट्रायबेसिक, प्लस आहे म्हणून ॲसिड, ऑक्टेट पूर्ण म्हणून नाही. म्हणजे लिस्ट पाठ करूनही तू उत्तर देताना कारण शोधत होतीस. मी २२ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतेय, ज्या मुलीला "म्हणून" लिहावंसं वाटतं तिला केमिस्ट्री येत नाही असं कधी झालेलं नाहीये. तुझी कारणं जुन्या व्याख्येतून येतायत एवढाच घोळ आहे.

दहावीतलं खोटं नाही. अजिबात नाही. ते अर्‍हेनियसचं आहे, स्वीडनमधला, १८८४ साली त्याने पीएचडीच्या प्रबंधात मांडलं की क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन सुटे होतात, परीक्षकांना ते फारसं पटलं नाही आणि त्याला अगदी खालचा दर्जा दिला, पुढे १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. त्याच्यातूनच ॲसिड म्हणजे पाण्यात एच प्लस देणारं हे आलं. पण ते पाण्यापुरतं आहे. अमोनियामध्ये ओएच नाही तरी तो बेस का, याचं उत्तर त्यात नीट मिळत नाही. मग १९२३ मध्ये डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचा लॉरी, दोघांनी वेगवेगळं पण जवळपास एकच म्हटलं, की एच प्लस देतो तो ॲसिड, घेतो तो बेस. अमोनिया एच प्लस घेतो म्हणून बेस. इथपर्यंत तुला काही अडत नसणार.

त्याच वर्षी, १९२३ मध्येच, कॅलिफोर्नियात बर्कलीला गिल्बर्ट न्यूटन लुईस होता, त्याने एक पाऊल मागे जाऊन विचारलं की अमोनिया एच प्लस घेतो तो कशाने घेतो? हात कुठला पुढे करतो? तर नायट्रोजनवर एक मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी आहे, लोन पेअर, तिच्या जोरावर घेतो. मग खरी गोष्ट एच प्लसची नाही, जोडीची आहे. जोडी देऊ करतो तो बेस, ती जोडी घ्यायला ज्याच्याकडे जागा आहे तो ॲसिड. एच प्लसकडे तर स्वतःचा एकही इलेक्ट्रॉन नाही, सगळीच जागा, म्हणून तोही ॲसिड, पण घेणाऱ्यांपैकी एक. एकुलता एक नाही.

त्या वेळी याच्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही, मग १९३८ मध्ये लुईसने परत सविस्तर लिहिलं आणि त्यात एक मुद्दा मांडला तो मला फार आवडतो. तो म्हणाला ॲसिडमध्ये हायड्रोजन पाहिजेच असा हट्ट धरणं म्हणजे ऑक्सिडायझिंग एजंटमध्ये ऑक्सिजन पाहिजेच म्हणण्यासारखं आहे. बघ ना, सोडियम क्लोरिनमध्ये जळतो तेव्हा ऑक्सिडेशन झालं असं तू बिनधास्त लिहितेस की नाही? तिथे ऑक्सिजन कुठेय असं विचारत नाहीस. मग बीएफथ्रीला हायड्रोजन कुठेय असं का विचारायचं.

अजून एक, ह्या माणसाला इलेक्ट्रॉनच्या जोडीचा विचार कुठे सुचायला लागला माहितीये? १९०२ मध्ये, अगदी सुरुवातीच्या मुलांना पिरिऑडिक लॉ समजावून सांगताना. अणूला घन ठोकळा मानून त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन काढायचा तो. म्हणजे ही सगळी भानगड मुळात तुझ्यासारख्या मुलांना नीट समजावं म्हणून चित्र काढण्यातून सुरू झालीये, आणि आपण त्याची लिस्ट करून पाठ करायला देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. लिस्ट फाडून टाक असं मी म्हणणार नाही, पण बाजूला ठेव आणि पेन्सिल घे.

बीएफथ्री काढ. बोरॉनकडे बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन, तीन फ्लोरिनशी तीन बंध, झाले सहा. आठ पाहिजेत, दोन कमी. म्हणजे एका जोडीची जागा रिकामी. एसटीत दोघांचा बाक असतो ना, तसा एक बाक रिकामा आहे असं समज. आता शेजारी अमोनिया काढ. नायट्रोजनकडे पाच, तीन हायड्रोजनला लागले, दोन उरले, म्हणजे एक जोडी उभी आहे. जोडी उभी आणि बाक रिकामा, पुढे काय होणार ते सांगायला लागत नाही. बाण काढायचा तो जोडीकडून रिकाम्या जागेकडे, निम्मी मुलं उलटा काढतात, बाण म्हणजे इलेक्ट्रॉन जातायत तो रस्ता, ॲसिडकडून बेसकडे कधीच नाही. हे दोन वायू एकत्र आले की पांढरी घन पावडर बनते, आणि त्याच्यात पाणी नाही, लिटमस नाही, एच प्लस सुटलेला नाही. आधी बीएफथ्री कागदासारखा सपाट होता, तीन फ्लोरिन १२० अंशावर. अमोनिया येऊन बसल्यावर तो सपाट राहत नाही, तिन्ही फ्लोरिन मागे रेलतात. नवीन माणूस बसला की बाकीचे सरकतात तसं.

आता इथे एक शब्द आहे तो नीट समजून घे, शेअरिंग. अमोनिया जोडी देऊन टाकत नाही. आपल्याकडे दोन भावांच्या शेतात सामायिक विहीर असते बघ. साधा सहसंयुज बंध म्हणजे दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून खणलेली विहीर. कोऑर्डिनेट बाँड म्हणजे एकानेच स्वतःच्या पैशाने खणली आणि दुसऱ्याच्या शेतालाही पाणी दिलं. पण एकदा विहीर झाली की पाणी सारखंच, ऊस काय विचारत नाही की खर्च कुणी केला. म्हणूनच एनएचफोर प्लसमधले चारही एनएच बंध अगदी एकसारखे असतात, त्यातला चौथा कुठला हे कुणालाही ओळखता येत नाही. आणि ऑक्सिडेशन रिडक्शन वेगळं, तिथे इलेक्ट्रॉन एकाकडून सुटून दुसऱ्याकडे जातो, ती विहीर विकल्यासारखी गोष्ट झाली. "लुईस ॲसिड इलेक्ट्रॉन घेतं आणि ऑक्सिडायझिंग एजंटपण इलेक्ट्रॉन घेतो, मग दोन्ही एकच का" हा प्रश्न तू विचारला नाहीस पण महिन्याभरात पडणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

आता तुझे चार प्रश्न. बोरिक ॲसिडवर मी जास्त वेळ घेणार आहे कारण ते जमलं की बाकीचं आपोआप जमतं असा माझा अनुभव आहे.

कॅरम बोर्डवर टाकतो ती पावडर बऱ्याचदा बोरिक ॲसिडच असते. म्हणजे तू हे ॲसिड लहानपणापासून बोटांनी हाताळलंयस. त्याची रचना काढ, मधे बोरॉन, त्याला तीन ओएच. तू काय केलंस, ओएचमधले एच मोजलेस, तीन आले, ट्रायबेसिक. फॉस्फोरिक ॲसिडची सवय, तिथे ते चालून जातं. पण इथे बोरॉनकडे बघ, परत तेच, सहा इलेक्ट्रॉन, एक बाक रिकामा. हे पाण्यात गेलं की स्वतःचा एच सोडत नाही. पाण्याच्या ऑक्सिजनवर जोडी आहे, ती जोडी घेऊन पाण्याचा रेणू बोरॉनला येऊन चिकटतो. आता त्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन बोरॉनकडे ओढले गेले, त्याच्यावर ताण आला, त्याची हायड्रोजनवरची पकड ढिली झाली आणि एक एच प्लस सुटला, तो दुसऱ्या पाण्याने उचलला. उरलं काय, बोरॉनभोवती चार ओएच आणि एक मायनस. जो एच प्लस बाहेर आला तो बोरिक ॲसिडचा नव्हताच, पाण्याचा होता! आणि बाक एकच रिकामा होता, तो भरला, म्हणून एकदाच. मोनोबेसिक. तीन ओएचचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हे ॲसिड फारच दुबळं आहे, पीकेए (ॲसिडचा जोर सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं ॲसिड दुबळं) ९.२ च्या आसपास, म्हणून लॅबमध्ये नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करायला गेलीस तर एंड पॉइंट, म्हणजे ॲसिड संपल्याची खूण, धड मिळत नाही, गुलाबी रंग हळूहळू येत राहतो. त्यात ग्लिसरीन घातलं की चित्र बदलतं. ग्लिसरीनचे शेजारी शेजारी असलेले ओएच बोरॉनला दोन बाजूंनी धरून ठेवतात, बाक पक्का भरतो, मायनसवाला आयन स्थिर होतो आणि एच प्लस सुटायला सोपं जातं, मग एंड पॉइंट स्वच्छ. पहिल्यांदा हे स्वतःच्या ब्युरेटने बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, आणि आईने सगळं ऐकून घेतलं होतं.

हळदीचं पण सांगायलाच पाहिजे. हळदीत चुना घातला की लाल होते, कुंकू पूर्वी असंच करायचे, ते तुला माहितीये, तिथे चुन्यातला ओएच मायनस हळदीतल्या करक्युमिनचा एच प्लस काढून घेतो, सरळ ब्रॉन्स्टेडचं काम. पण बोरिक ॲसिडच्या द्रावणात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून त्यात हळदीचा कागद बुडवून वाळवला तर तोही तांबडा होतो. ॲसिड असून तांबडा! हळद तर ॲसिडमध्ये पिवळीच राहायला पाहिजे. इथे करक्युमिनचे ऑक्सिजन स्वतःच्या जोड्या घेऊन बोरॉनला धरतात, एका बोरॉनला दोन करक्युमिन, आणि त्या जोडगोळीचा रंग लाल. चुन्याने आलेला लाल रंग ॲसिड टाकलं की परत पिवळा होतो, बोरॉनमुळे आलेला तसा जात नाही, उलट त्यावर अल्क टाकलं तर हिरवट काळा होतो. बोरॉन ओळखायची ही जुनी टेस्ट आहे. एकच हळद, दोन लाल, एक एच प्लस देऊन आलेला आणि एक जोडी देऊन आलेला. दोन्ही व्याख्या एका वाटीत. हे करायचं तर कॉलेजच्या लॅबमध्ये कर, मॅडमना विचारून, आणि कॅरमची पावडर तोंडात जाऊ देऊ नकोस, ती पोटात गेली तर विषारी आहे, घरात लहान भावंडं असतील तर डबा वर ठेव.

तुरटीचं याच पठडीतलं आहे. दाढी झाल्यावर बाबा लावतात ती, गढूळ पाण्यात फिरवतात ती. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, लिटमस लाल करतं, पण तुरटी हा तर क्षार आहे ना? त्यातला ॲल्युमिनियम थ्री प्लस आयन पाण्याचे सहा रेणू स्वतःभोवती गोळा करतो, सहाही जण आपापली जोडी देतात. ॲल्युमिनियम लहान आणि त्याच्यावर तीन प्लस, म्हणजे ओढ जबरदस्त, पाण्यातला हायड्रोजन ढिला होतो, सुटतो. म्हणजे लुईसचं ॲसिड पाण्याकडून ब्रॉन्स्टेडचं ॲसिड करून घेतंय. तू विचारलंस जुनं खोटं होतं का, तर हे बघ, जुना एच प्लस कुठून येतो हे नवीन व्याख्या दाखवते, दोघांचं भांडण नाहीये.

मी ज्या कॉलेजात सुरुवातीला होते तिथे एकदा जुलैमध्ये कुणीतरी निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडच्या बाटलीचं झाकण सैल ठेवलं. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर पांढरा धूर, वास नाकात झोंबणारा, ओला लिटमस धरला तर लालभडक. एका मुलाने विचारलं मॅडम बाटलीत एचच नाही, मग हायड्रोक्लोरिक ॲसिड आलं कुठून? पावसाळी हवेतून आलं. हवेतल्या पाण्याने जोडी दिली, ॲल्युमिनियमने घेतली, एच ढिले झाले, क्लोरिनबरोबर उडून गेले. त्या मुलाने तो प्रश्न विचारला नसता तर मीही कदाचित अजून लिस्टच देत बसले असते. आणि त्या ॲल्युमिनियमला स्वतःलाही सहाच इलेक्ट्रॉन आवडत नाहीत बरं का, वाफेत दोन दोन रेणू जोडी करून राहतात, एकाचा क्लोरिन दुसऱ्याला जोडी देतो.

एनएचफोर प्लस. तू म्हणालीस प्लस आहे म्हणजे घेणार. प्लस असणं आणि जागा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नायट्रोजनभोवती चार बंध, आठ इलेक्ट्रॉन, बाक सगळे भरलेले. कुठलीही जोडी इकडे तिकडे सरकवून जागा करता येईल का? नाही, सगळे एकेरी बंध. मग जोडी घेऊन आलेला बेस बसणार कुठे? आणि त्याच्याकडे द्यायला मोकळी जोडीही उरलेली नाही, ती आधीच एच प्लसला दिली. म्हणून तो लुईस ॲसिडही नाही आणि लुईस बेसही नाही. तो एच प्लस सोडू शकतो, तेवढं ब्रॉन्स्टेडचं ॲसिड आहे. परीक्षेत हा पर्याय मुद्दाम ठेवतात.

सीओटूचं नेमकं उलटं. ऑक्टेट पूर्ण, तुझं बरोबर आहे, पण तिथे डबल बाँड आहेत. ऑक्सिजन जास्त ओढणारा, त्यामुळे कार्बन थोडा उघडा पडलेला. ओएच मायनस जोडी घेऊन कार्बनकडे आला की डबल बाँडमधली एक जोडी ऑक्सिजनकडे सरकते आणि जागा होते. बाक रिकामा नव्हता, पण कुणीतरी उठून मागच्या सीटवर गेलं. झालं बायकार्बोनेट. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की दुधाळ होते ते हेच, पुढे अजून एक एच प्लस जातो, कार्बोनेट होतं आणि कॅल्शियमबरोबर साका बसतो. गावाकडे चुना लावलेली भिंत हवेवर कडक होत जाते तीही याच कारणाने. सल्फर डायऑक्साइड, सल्फर ट्रायऑक्साइड याच जातीचे, प्रत्येकाचं वेगळं पाठ करू नकोस. तेव्हा "ऑक्टेट अपूर्ण आहे का" एवढंच विचारून थांबायचं नाही, "जागा आहे का, आणि नसेल तर होऊ शकते का" असं विचारायचं.

क्रमाचा प्रश्न राहिला. तू विचार केलास फ्लोरिन सगळ्यात जास्त ओढणारा, तो बोरॉनचे इलेक्ट्रॉन ओढून घेणार, म्हणजे बोरॉन सगळ्यात भुकेला, म्हणजे बीएफथ्री सगळ्यात जोरदार ॲसिड. विचार चांगला होता, फक्त अर्धा झाला. फ्लोरिनवर स्वतःच्या तीन तीन मोकळ्या जोड्या आहेत, आणि फ्लोरिन बोरॉनच्याच मापाचा, दोघांचे टूपी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन राहायची जागा) एकमेकांशी छान जुळतात, त्यामुळे फ्लोरिन आपली एखादी जोडी बोरॉनच्या रिकाम्या जागेत थोडी सरकवून ठेवतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं, माणूस बसलेला नाही पण बाक पूर्ण रिकामाही नाही. क्लोरिनचं ऑर्बिटल थ्रीपी, मोठं, रुमाल नीट बसत नाही, ब्रोमिनचं त्याहून मोठं. म्हणून बीबीआरथ्री सगळ्यात जोरदार, मग बीसीएलथ्री, मग बीएफथ्री. ह्या स्पष्टीकरणावर संशोधकांमध्ये वेगळी मतं आहेत, पण क्रम हाच येतो आणि बारावीला ह्या रुमाल टाकण्याला बॅक बाँडिंग असंच लिहायचं.

तू लिहिलं नाहीस पण या सगळ्यात मुलं अजून एका ठिकाणी अडकतात, पदार्थाला कायमचं नाव चिकटवून टाकतात. पाणी न्यूट्रल, संपलं. अगं, तुरटीत पाणी बेस आहे, कारण जोडी देतंय. नाव पदार्थाला नसतं, त्या रिअॅक्शनमध्ये त्याने केलेल्या कामाला असतं. भावाच्या लग्नात आपण वरपक्ष आणि बहिणीच्या लग्नात वधूपक्ष, माणसं तीच.

आणि कोण कुणाला जास्त घट्ट धरतो याला एकच मोजपट्टी नाही, ही लुईसच्या व्याख्येची खरी अडचण आहे, पीएचसारखा सरळ आकडा इथे मिळत नाही. १९६३ मध्ये पिअरसन नावाच्या अमेरिकन केमिस्टने त्यातून वाट काढली, हार्ड आणि सॉफ्ट असे गट केले. लहान आणि जास्त चार्जवाले, ॲल्युमिनियमसारखे, ऑक्सिजन फ्लोरिनला धरतात. मोठे, पसरट, चांदी किंवा पाऱ्यासारखे, गंधकाला धरतात. ॲल्युमिनियम जमिनीत ऑक्सिजनबरोबर सापडतं, कोल्हापूर रत्नागिरीकडचं बॉक्साइट, आणि पारा गंधकाबरोबर, हिंगूळ. चांदीचे पैंजण काळे पडतात तेही गंधकामुळेच. बोर्डाला हे फारसं विचारत नाहीत, पण डोक्यात असू दे.

एक गोष्ट अभ्यासाच्या बाहेरची, पण आहे याच विषयातली. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, ते लुईस ॲसिडसारखं वागतं, ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि पुढे सोडतं. कार्बन मोनॉक्साइडच्या कार्बनवरही जोडी असते, ती घेऊन तो त्याच जागेवर बसतो, आणि ऑक्सिजनच्या दोनशे पटींहूनही घट्ट बसतो, मग ऑक्सिजनला जागाच राहत नाही. वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून माणसं जातात ती यामुळे. तुमच्याकडे गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवलाय का ते आजच बघ आणि नसेल तर घरी सांग, बारावीची मुलगी कारणासकट सांगतेय म्हटल्यावर ऐकतील.

आता अभ्यास कसा करायचा. रोज पाच रेणू काढ, पाचच, पण ठिपके देऊन. बाहेरचे इलेक्ट्रॉन मोज, बंध काढ, उरलेल्या जोड्या काढ, मग बोट ठेवून बघ की कुठे जोडी मोकळी आहे, कुठे जागा रिकामी आहे, आणि कुठे डबल बाँड सरकून जागा होईल. सुरुवातीला एका रेणूला पाच मिनिटं लागतील, घाबरू नकोस, पंधरा दिवसांत अर्ध्या मिनिटावर येतं आणि सीईटीला तेवढा वेळ असतो. शब्दांचं पण सांगते, मराठी मिडियमची आहेस म्हणून, डोनर म्हणजे देणारा, ॲक्सेप्टर म्हणजे घेणारा, लोन पेअर म्हणजे एकटी पडलेली जोडी, व्हेकंट म्हणजे रिकामी जागा, वहीत समासात मराठी लिही आणि पेपरात इंग्लिश, लाजायचं काही कारण नाही. विचार ज्या भाषेत पटकन होतो त्याच भाषेत करायचा.

दोन चित्रं तुझ्यासाठी सोडतेय. एक, मोरचूद तापवलं की निळ्याचं पांढरं होतं आणि थेंबभर पाणी टाकलं की परत निळं, इथे ॲसिड कोण आणि बेस कोण, कॉपर आयनभोवती काय काय आहे ते काढ. आणि दुसरं जरा अवघड, सिलिकॉन टेट्राक्लोराइड पाण्यात टाकलं की धूर निघतो, तडतडतं, आणि कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याखाली तसंच गपगुमान पडून राहतं, दोघांचेही चार क्लोरिन, दोघांचंही ऑक्टेट पूर्ण. मग जागा कुणाकडे आहे आणि का? आकार बघ, कितव्या कक्षेतला अणू आहे ते बघ. उत्तर आलं की फोटो काढून पाठव, चुकलं असलं तरी पाठव, फक्त "म्हणून" लिहायला विसरू नकोस.